अर्धा दिवा कसा लावायचा?

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना सुटलेलं एक-दोन ठिकाणी भरून घेतलं आहे.)



मला सांगण्यात आलं होतं की दहा मिनिटं बोल, आयटीतल्या अनुभवांवर बोल आणि फार तांत्रिक बोलू नकोस. दहा मिनिटांत हे आवरणार नाही, ते आधीच सांगून टाकते. आयटीतले अनुभव म्हणाल, तर गेली वीस-बावीस वर्षं मी पुण्यात एका खोलीत बसून बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिते. त्यात ऐकण्यासारखं काही नाही. राहिलं तांत्रिक, तेच बोलणार आहे. कारण आज मला एका माणसाबद्दल बोलायचंय. तो आपल्यातच, तिसऱ्या रांगेत बसलाय. आणि त्याच्याबद्दल बोलायचं तर मोटर, डायोड आणि पीडब्ल्यूएम टाळून बोलताच येत नाही. नाव घ्यायचं नाही अशी त्याची अट आहे. मी घेणार नाही. तुम्हाला पाच मिनिटांत कळेलच.

सुरुवात आपल्या प्रयोगशाळेतून करते. नववीचं वर्ष. टेबलावर विजेचा घट, कळ, छोटा दिवा आणि तो लांबलचक रिओस्टॅट, ज्याच्या सरकत्या खुंटीशी खेळल्याबद्दल आपण सगळ्यांनी कधी ना कधी बोलणी खाल्ली आहेत. बाईंनी विचारलं, "दिवा अर्धाच लावायचा असेल तर काय कराल?" पुढच्या बाकावरून आम्ही एका सुरात म्हणालो, "रिओस्टॅट, बाई." बाईंनी मला बोलावून रिओस्टॅटला हात लावायला सांगितलं. चांगला गरम होता. दिव्याच्या वाट्याला निम्मा व्होल्टेज आला, तर उरलेला निम्मा रिओस्टॅटच्या वाट्याला जातो. म्हणजे दिवा जेवढी वीज खातो, तेवढीच रिओस्टॅट नुसता तापण्यात घालवतो. बाई म्हणाल्या, "हे उधळपट्टीचं झालं. दुसरं काही?"

तेव्हा शेवटच्या बाकावरून आवाज आला, "बाई, कळ पटापट दाबली तर?"

सगळे हसले. मीही हसले, हे मला नीट आठवतं. बाई हसल्या नाहीत. "ये, करून बघ," म्हणाल्या. तो आला आणि कळ खटाखटा दाबायला लागला. दिवा लुकलुकला, अर्धा काही झाला नाही. बाई म्हणाल्या, "कल्पना बरोबर आहे रे. तुझा हात कमी पडतोय."

बाई, तुम्हाला हे आठवत नसेल. आम्हा दोघांना आठवतं.

त्याने जे सुचवलं त्याचं नाव पल्स विड्थ मॉड्युलेशन, म्हणजे पीडब्ल्यूएम. हे नाव मला कळायला पुढची पाच-सहा वर्षं लागली. तो दहावीनंतर आयटीआयला गेला, मी अकरावी सायन्सला. नंतर इथेच, तेव्हाच्या औरंगाबादेत, माझं इंजिनिअरिंग झालं. तिथे एके दिवशी सरांनी फळ्यावर चौकोनी दात काढले आणि म्हणाले, मायक्रोकंट्रोलरच्या पायाला दोनच गोष्टी येतात, पाच व्होल्ट किंवा शून्य. अडीच व्होल्ट त्याला येत नाहीत. मग अडीच व्होल्टचं काम कसं करून घ्यायचं? अर्धा वेळ पाच, अर्धा वेळ शून्य, आणि हे इतक्या भरभर की पुढच्या वस्तूला फरकच कळू नये.

आता एक प्रयोग करू. उजवीकडच्या दोन रांगांनी मोठ्याने एक ते दहा मोजायचं, दहा झाले की न थांबता परत एकपासून. आपल्या तेव्हाच्या मॉनिटरने इथे पुढे उभं राहायचं. मी त्याच्या हातात एक चिठ्ठी देते. 'एक' ऐकलं की त्याने हात वर करायचा, चिठ्ठीवरचा आकडा म्हणून संपला की खाली. चिठ्ठीवर तीन आहे. चला.

(मोजणी झाली. मॉनिटरचा हात बरोबर वर-खाली झाला. टाळ्या.)

दहातला तीनदा हात वर, म्हणजे तीस टक्के. आता चिठ्ठी सातची. सत्तर टक्के. बघा, मोजणाऱ्यांना चिठ्ठी बदललेली कळलीसुद्धा नाही, ते आपले मोजतायत. याला ड्यूटी सायकल म्हणतात. मायक्रोकंट्रोलरच्या आत हेच घडतं. तिथे टायमर नावाचा एक मोजणारा असतो. तो शून्यापासून २५५ पर्यंत मोजतो आणि पुन्हा सुरू करतो. दुसऱ्या एका कप्प्यात आपली चिठ्ठी असते. दोन्ही आकडे जुळले की पायावरचा व्होल्टेज खाली येतो. चिठ्ठीवर १२८ लिहिलं की झाला अर्धा दिवा. प्रोग्राम लिहिणाऱ्याचं काम फक्त चिठ्ठी लिहिण्याचं. मोजणी कुणी दुसरंच करतं.

थांबा, अजून एक. मोजणी परत सुरू करा, आणि मी मध्येच चिठ्ठी बदलते.

(मोजणी पाचवर असताना सातची चिठ्ठी काढून तीनची दिली. मॉनिटरचा हात वरच राहिला, थेट दहापर्यंत. बराच वेळ हशा.)

त्याला हसू नका, तो चुकलेला नाही. तो 'तीन' ऐकायची वाट बघत होता आणि तीन कधीच होऊन गेला होता. चिपमध्येही अगदी असंच होऊ शकतं. एक अख्खी फेरी पूर्ण चालू जाते आणि मोटरला उगाच धक्का बसतो. म्हणून चांगल्या टायमरमध्ये नवी चिठ्ठी बाजूला धरून ठेवतात आणि फेरी संपल्यावरच हातात देतात. धन्यवाद मॉनिटरसाहेब, बसा.

कॉलेजात आमच्याकडे ८०५१ होता, इंटेलने १९८० मध्ये काढलेली चिप. पिढ्यान् पिढ्या तीच शिकवली जायची. तिच्यात टायमर होते, पण हा चिठ्ठीवाला मॉनिटर नव्हता. आकडा जुळला की पाय खाली करणं हे कामही प्रोग्रामलाच करावं लागे. म्हणजे बाईंनी धडाही शिकवायचा आणि शिपायाची घंटाही वाजवायची. मी तो प्रोग्राम लिहिला, एलईडी मंद झाला, तोंडी परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळाले. मला वाटलं, पीडब्ल्यूएम मला येतं.

माझी चूक तिथेच होती. मला चिठ्ठी लिहिता येत होती. चिठ्ठी ज्याच्याकडे जाते तो कोण आहे, हे मी कधी बघितलंच नव्हतं. एलईडी बिचारा काही म्हणत नाही. तो खरं तर प्रत्येक फेरीत विझतो आणि पेटतो, सरासरी काढतो तो आपला डोळा. डोळ्याचाही हिशेब सरळ नसतो. निम्मा वेळ पेटलेला एलईडी निम्म्याहून बराच उजळ वाटतो. मघाशी कुणीतरी म्हणालं की मोबाइलमध्ये या स्टेजवरच्या दिव्यांचे काळे पट्टे दिसतायत. कॅमेरा ओळीओळीने चित्र टिपतो, त्यामुळे दिवा ज्या क्षणी बंद असतो त्या ओळी काळ्या येतात. आपल्या डोळ्याला जे फसवता येतं, ते कॅमेऱ्याला येत नाही.

पाण्याचं उदाहरण देते, म्हणजे या शहरात ते सगळ्यांना लगेच कळेल. पैठणहून आलेलं पाणी आपल्या नळाला किती दिवसांनी येतं, यावर मी बोलणार नाही, जेवण गोड लागू द्या. पण घरातल्या बेसिनचा नळ रोज चालतो, कारण गच्चीवर टाकी आहे. आत येणारं पाणी चालू-बंद, बाहेर जाणारं सलग. टाकी सरासरी काढते. आता हिशेब करा. रोज एक तास पाणी आलं काय आणि आठ दिवसांनी सलग आठ तास आलं काय, सरासरी तीच. पण पहिल्या घराला छोटी टाकी पुरते आणि दुसऱ्याला आठपट मोठी लागते. पीडब्ल्यूएममध्ये वारंवारिता, म्हणजे फ्रीक्वेन्सी, ठरवायची ती अशी: समोरच्याची टाकी केवढी आहे? एलईडीची टाकी आपल्या डोळ्यात असते. मोटरची टाकी तिच्या वजनात असते, पायमशीनच्या चाकासारखी. पाय थांबला तरी चाक फिरतंच. आणि थोडी तिच्या तारेच्या गुंडाळीतही असते. त्या गुंडाळीपाशीच मी घसरले.

आता तिसऱ्या रांगेकडे येते.

जुन्या मोंढ्याजवळ आपल्या या मित्राचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. फुलंब्री, गंगापूर, पैठणकडचे शेतकरी त्याच्याकडे पंप घेऊन येतात. २०१८ च्या उन्हाळ्यात वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून त्याने मला फोन केला. पाठीवरचे बॅटरीचे फवारणी पंप तुम्ही पाहिले असतील, बारा व्होल्टची बॅटरी आणि आत छोटी मोटर. वेग कमी-जास्त करायला बटण असतं. ते जळतं, आणि बॅटरी तळापर्यंत उपसली गेली की तीही मरते. तो म्हणाला, "तू इंजिनिअरबाई आहेस. असं काहीतरी कर, की बटण जळू नये आणि बॅटरी साडेदहा व्होल्टच्या खाली जायच्या आत पंप आपोआप बंद व्हावा."

मला फार आनंद झाला. पंधरा वर्षांत हातात सोल्डरिंग गन धरली नव्हती. अर्डुइनोचा छोटा बोर्ड आणला. त्यावर ॲटमेगा ३२८ ही चिप असते आणि तिच्यात चिठ्ठीवाला मॉनिटर तयार असतो, एका ओळीत काम होतं. मोटरची वीज चालू-बंद करायला मॉसफेट लावला. तो विजेवर चालणारी कळच, पण नववीतल्या हातापेक्षा कितीतरी वेगवान. एक डायोड लावला, कारण पुस्तकात लावतात. मोटरची वीज अचानक तोडली की गुंडाळीतला प्रवाह थांबायला तयार नसतो. भरधाव पाण्याचा नळ एकदम बंद केला की पाइप जसा धडकतो, तसंच. त्या प्रवाहाला फिरून जायला वाट हवी, ती डायोड देतो. पंप नव्हता म्हणून बारा व्होल्टचा दिवा लावून बघितलं. उत्तम चाललं. शनिवारी पहाटेच्या गाडीने निघून दुकानात पोचले.

त्याने बोर्ड पंपाला जोडला, बटण अर्ध्यावर आणलं. पंप चालला आणि त्यातून एक बारीक, चिवट सूं-सूं सुरू झाली. माझं लक्ष आकड्यांकडे. त्याने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"ऐकायलीस का? मोटर रडायलीय."

अर्डुइनोचा ठरलेला वेग सेकंदाला ४९० फेऱ्यांचा. मोटरची गुंडाळी प्रत्येक फेरीत ताणली जाते, सैल होते. ४९० वेळा, म्हणजे चक्क कानाला ऐकू येणारा सूर. चितेगावच्या कारखान्यातले टीव्ही ज्यांच्या घरी होते, त्यांना दुसऱ्या खोलीतूनही टीव्ही चालू असल्याचं कळायचं, आवाज बंद असला तरी. एक अगदी बारीक शिट्टी असायची. ती सेकंदाला १५,६२५ वेळा होणारी आडव्या ओळींची फेरी. आई-बाबांना ऐकू यायची नाही, आपल्याला यायची. आता आपल्यालाही येत नसणार. ते पीडब्ल्यूएम नव्हतं, पण रडण्याची जात तीच.

उपाय मला माहीत होता आणि मी तो तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, जरा ऐटीत केला. चिपचं घड्याळ सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोके देतं. टायमर त्याला आधी ६४ ने भागतो. मी भागाकार काढून टाकला. एक ओळ बदलली. ४९० चे झाले ३१,३७२. माणसाचा कान वीस हजारांपलीकडे ऐकत नाही. रडणं बंद. त्याच्या हाताखालची पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी चहा घेतला, दहा मिनिटं पंप चालवून दाखवला, दुपारच्या गाडीने पुण्याला परत.

त्याने तसे बारा संच बनवले आणि खरिपाच्या तोंडावर गिऱ्हाइकांना दिले.

ऑगस्टच्या शेवटी मी फोन केला, कसं चाललंय म्हणून. "चाललंय," म्हणाला. सप्टेंबरात केला. "चाललंय गं, जोरात." दिवाळीला घरी गेले, तेव्हा सहज दुकानात डोकावले. तो बाहेर गेला होता. वहिनी गल्ल्यावर होत्या. मी विचारलं, तो बोर्ड कसा आहे? वहिनींनी टेबलाखालून एक खोका काढला. आत सात बोर्ड. सातही काळे पडलेले.

शेतात जळाले होते. कापसावर फवारणी चाललेली, पावसाने दोन दिवस उघडीप दिलेली, औषध कालवून ठेवलेलं आणि पाठीवरचा पंप बंद. उघडीप गेली की फवारा वाहून जातो, हे तुम्हा शेतकरी घरच्यांना मी काय सांगू. त्याने सातही जणांचे पैसे परत केले, शिवाय त्यांच्या पंपांना नवीन बटणं स्वतःच्या खिशातून बसवून दिली. मला एका शब्दाने बोलला नव्हता. वहिनी म्हणाल्या, "त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं ना, माझ्या वर्गातली इंजिनिअर आहे, तिने केलंय म्हणून."

मी तिथेच पायरीवर बसून राहिले. तो आला, खोका बघितला, वहिनींकडे बघितलं. मी म्हटलं, मला सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "काय सांगू? तुला वाईट वाटलं असतं, आणि मला कळत नव्हतं काय बिघडलंय. मी कारण शोधायलो होतो."

आणि त्याने शोधलं होतं. हे मला आज मुद्दाम सांगायचंय. त्याने बाराही गिऱ्हाइकांना एकच प्रश्न विचारला होता, बटण कुठे ठेवत होतात? जे पाच चालू होते, त्यांचे मालक बटण कायम फुल्ल ठेवत होते. जे सात जळाले, त्यांनी बॅटरी वाचवायला म्हणून अर्ध्यावर ठेवलं होतं. "कमी चालवलं तर जास्त जळतं," तो म्हणाला, "हे उलटं आहे. पंचवीस वर्षांत असं बघितलं नाही. हे मोटरचं नाही. तुझ्या चालू-बंदमध्ये काहीतरी आहे."

आकडा २५५ असला की पाय खाली येतच नाही, कायम चालू. मग चालू-बंद होण्याचा प्रश्नच नाही. एवढं ऐकलं आणि मला कळलं.

मॉसफेट पूर्ण चालू असताना तापत नाही, कारण त्याच्यावर व्होल्टेज जवळजवळ नसतो. पूर्ण बंद असताना तापत नाही, कारण प्रवाह नसतो. तापतो तो मधल्या क्षणात, चालूचा बंद होताना. दार सताड उघडं असलं की बोटाला काही होत नाही, बंद असलं तरी नाही. चेंगरतं ते दार लागताना. हा मधला क्षण माझ्या बोर्डात तीनेक मायक्रोसेकंदांचा होता, कारण मॉसफेटच्या गेटमध्ये जो विद्युतभार भरावा लागतो, तो मी चिपच्या एका नाजूक पायातून भरत होते. बादली चमच्याने भरावी तसं. शिवाय तो मॉसफेट दहा व्होल्टच्या गेटवर नीट उघडणारा, मी देत होते पाच. ४९० फेऱ्या असताना हे सगळं खपून जात होतं. मी फेऱ्या ६४ पट केल्या, तशी बोटं चेंगरण्याची संख्याही ६४ पट झाली. दुकानात बसून बिलाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला: तीन अँपिअर, बारा व्होल्ट. जिथे वॅटचा विसावा हिस्सा जात होता, तिथे साडेतीन वॅटच्या आसपास नुसती उष्णता. तीही फवाऱ्याचं पाणी शिरू नये म्हणून घट्ट बंद केलेल्या प्लास्टिकच्या डबीत, आणि वर ऊन. दहा मिनिटांच्या चहाच्या वेळात ते कळणार नव्हतं. दोन तास फवारणी केल्यावरच कळणार होतं. डायोडही तसाच. एक अँपिअरचा, साध्या घरगुती पन्नास हर्ट्झच्या विजेसाठीचा. तो बंद व्हायला वेळ घेतो. सेकंदाला एकतीस हजार वेळा बंद हो म्हटलं, तर तो काय करणार?

म्हणजे झालं होतं काय, तर त्याने मला दुखणं ऐकवलं होतं आणि मी ते जिथे ऐकू येत नाही तिथे नेऊन ठेवलं होतं.

मी म्हटलं, मी पुण्याला जाऊन नवीन पाठवते. तो म्हणाला, "पुण्याला नको जाऊस. इथंच बस." त्या दिवाळीत भाऊबीज सोडली तर चार दिवस मी त्याच्या दुकानात होते. आई वैतागली. वहिनींनी डबा पाठवला. तारा सोलणं, पंप भरणं, बादलीत फवारणं हे त्याच्या पोरांनी केलं, आणि आमची भांडणं झाली ती आकड्यावर. मला अजूनही आवाज ऐकू न येणारा वेग हवा होता. तो म्हणाला, "अगं, शेतात पंप स्वतःच खडखड करतो. माणसाने नाकातोंडाला फडकं बांधलेलं असतं. तिथे कुणाला ऐकू येणार तुझी सूं-सूं?" मग ४९० वरच परत जायचं का? तर तेही नाही. त्याने मोटरच्या बॉडीवर तळहात ठेवून दाखवला. ४९० वर बॉडी थरथरत होती आणि तापत होती. फेरी इतकी लांब होती, की गुंडाळीतला प्रवाह प्रत्येक वेळी पार खाली येऊन परत चढत होता. टाकी छोटी, पाणी फार दिवसांनी. शेवटी ६४ च्या जागी ८ ने भागलं. सेकंदाला ३,९२१. बारीक शिट्टी येते, पण तळहाताला थरथर लागत नाही, आणि मॉसफेट दोन तासांनंतरही बोट ठेवण्याइतका कोमट. आकडा माझ्या टायमरमधून आला, पण पसंत केला तो त्याच्या तळहाताने.

बाकीचे बदल पटकन सांगते. गेट भरायला मध्ये दोन ट्रान्झिस्टर घातले, म्हणजे चमच्याऐवजी मग. पाच व्होल्टवर पूर्ण उघडणारा मॉसफेट घेतला. डायोड शॉटकी जातीचा, तीन अँपिअरचा, झटकन बंद होणारा. डबीच्या मागे ॲल्युमिनियमची पट्टी. एक गोष्ट त्याने सुचवली, जी मला कधीच सुचली नसती. बटण कमी ठेवून पंप सुरू केला, की पडदा चिकटलेला असला तर मोटर हलतच नाही, नुसती वीज पिऊन तापते. "पहिला धक्का फुल्ल दे," तो म्हणाला, "मग कमी कर. गाडी ढकलताना नाही का, हलली की सोपी जाते." म्हणून प्रोग्राममध्ये पहिला पाव सेकंद २५५, मग बटणाचा आकडा, आणि तोही १२० च्या खाली जाऊ द्यायचा नाही.

ती सात माणसं. त्यांच्याकडे आम्ही दोघं त्याच्या मोटरसायकलवर गेलो. सगळ्यांकडे नाही जाता आलं, चौघांकडे गेलो. एकाने बोर्ड परत घ्यायला साफ नकार दिला. त्याचं बरोबरच होतं. एका आजोबांनी मला विचारलं, "बाई, तुम्हीच का त्या?" मी म्हटलं, हो, मीच. त्यांनी पाणी दिलं. नवीन बोर्ड हातात घेऊन त्याच्याकडे वळून म्हणाले, "तू चालवून बघितलास का?" तो म्हणाला, "दोन दिवस, काका." मग त्यांनी घेतला. माझ्याकडे परत बघितलं नाही.

हे २०१८ चं. आज तो स्वतः चिपमध्ये प्रोग्राम भरतो. दोन वर्षांपूर्वी रात्री साडेअकराला फोन आला. मी घाबरून उचलला. "तुझ्या १२० च्या जागी १०० केलं, नवीन पंपाला चालतं. तुला सांगून ठेवलं." एवढं बोलून फोन ठेवला.

जळालेल्या सातपैकी एक बोर्ड आणि आत्ताचा एक पंप मी बाहेर चहाच्या टेबलाजवळ मांडलाय. बटण फिरवून बघा, बादलीत पाणी आहे, एकमेकांवर उडवू नका. कान जवळ नेलात तर शिट्टी ऐकू येईल. बाई, नववीतला दिवाही आणलाय, तो त्याच बोर्डावर अर्धा लावून ठेवलाय. हात लावून बघा, बोर्ड गार आहे. आणि त्या सात जणांना परत केलेले पैसे तो माझ्याकडून अजून घेत नाही. म्हणून मी ते पाकिटात घालून आज वहिनींसाठी आणलेत. वहिनी, चहाच्या वेळी भेटा, त्याच्या नजरेआड.